आवड, आख्यायिका आणि श्रवण

पाश्चात्त्य अभिजात संगीत नेमाने ऐकणारी मराठी मंडळी संख्येने कधीच फार नव्हती. परंतु जी आहेत त्यांच्यात एक वाद हमखास रंगतो. बेथोव्हनची पाचवी सिंफनी ऐकावी तर कोणाची? एक जण कार्लोस क्लायबरचे नाव घेतो, दुसरा फुर्टवेंग्लरचे. तिसरा कारायानखेरीज आपण काही ऐकतच नाही असे जाहीर करतो. थोड्या वेळाने कोणी समंजस गृहस्थ ‘शेवटी ज्याची त्याची आवड’ असे म्हणून समेट घडवून आणतो आणि चर्चा संपते. आमचा आक्षेप त्या तिघांपेक्षा या समंजस गृहस्थावर अधिक आहे. तिघांनी निदान काहीतरी म्हणण्याचे धाडस केले होते. चौथ्याने मात्र म्हणण्याची गरजच रद्द केली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना हा विषय परका वाटू नये. एकच संहिता, तिची अनेक वाचने आणि त्या वाचनांतील तरतम भाव ठरवण्याची अडचण हा आपला रोजचा व्यवसाय आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : ध्वनिमुद्रणांची तुलना ही समीक्षाच होय, आणि तुलना करणाऱ्याला संहितेतील नेमकी जागा दाखवून ‘येथे याने असे केले, त्याने तसे केले, आणि म्हणून मला हे अधिक पटते’ असे सांगता आले तरच ती समीक्षा ठरते. हे कष्ट टाळण्याच्या तीन पळवाटा रूढ आहेत : यादी, आवड आणि आख्यायिका. पहिल्या दोन सर्वांना ठाऊक आहेत. तिसरी विद्वत्तेचा वेष घेऊन येते, म्हणून ती अधिक घातक आहे.

तुलना नेमकी कशाची?

आपल्या कानांना तुलनेची जी सवय आहे ती खयाल गायनातून आलेली आहे. तेथे बंदिश आधीची असली तरी राग गायक उभा करतो. दोन गायकांच्या यमनाची तुलना म्हणजे बव्हंशी दोन निर्मात्यांची तुलना. तीही आपल्याकडे नुसत्या आवडीवर सोडलेली नव्हती. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय यांच्या परस्परप्रमाणावरून घराण्यांची मांडणी केली, तेव्हा त्यांनी वादाला निकष पुरवले. त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यालाही त्यामुळे नेमके बोलणे भाग पडले.

सिंफनीची गोष्ट वेगळी आहे. कोणता स्वर कोणत्या वाद्याने, किती काळ आणि किती जोराने वाजवायचा हे तेथे लिहिलेले असते. वाद्यवृंदाचा संचालक रचना करीत नाही. तो वाचतो, आणि शंभर माणसांकडून आपले वाचन वाजवून घेतो. म्हणून आपल्या अनुभवातील अधिक जवळचा दाखला रंगभूमीचा आहे. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगमंचावर आले ते डॉ. श्रीराम लागूंच्या बेलवलकरांसह. पुढे ती भूमिका दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही केली. ‘लागूंचा श्रेष्ठ की भटांचा?’ हा प्रश्न नुसता असा विचारला तर निरर्थक आहे. अमुक स्वगतात अमुक वाक्यापूर्वी कोण किती थांबत असे आणि त्या थांबण्याने त्या वाक्याचा अर्थ कोणत्या बाजूला झुकत असे, हे सांगता आले की त्याच प्रश्नातून नाटकाविषयी काही कळू लागते.

दारावर कोण आहे?

पाचव्या सिंफनीचे पहिले पाच बार घेऊ. तीन आखूड स्वर आणि एक लांब. मग एक पायरी खाली तेच. दोन्ही लांब स्वरांवर थांबण्याची खूण आहे, परंतु दुसरा लांब स्वर दोन बारांवर पसरलेला आहे, म्हणजे लेखनाप्रमाणे तो पहिल्यापेक्षा अधिक टिकला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिंफनीचा प्रारंभ स्वराने होतच नाही. तो एका छोट्याशा विरामाने होतो. संचालकाचा हात खाली येतो तेव्हा शांतता असते, आणि स्वर तिच्यातून उसळून येतात.

आर्थर निकिशने १९१३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिककडून ही सिंफनी भोंग्यासमोर वाजवून घेतली. संपूर्ण सिंफनीच्या अगदी आरंभीच्या ध्वनिमुद्रणांपैकी ते एक. निकिश हे बार रुंद, सावकाश, एखाद्या घोषणेसारखे वाजवतो आणि मग पुढच्या गतीला लागतो. फुर्टवेंग्लरही या परंपरेतला. क्लायबरने १९७४ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणात हे बार त्या मूव्हमेंटच्या गतीतच सुटतात. ती घोषणा उरत नाही, धावण्याची पहिली झेप होते.

आता यांतील कोणते वाचन योग्य? येथे हटकून एक आख्यायिका पुढे येते : बेथोव्हनने म्हणे स्वतःच सांगितले होते की नियती अशी दार ठोठावते. नियती ठोठावणार म्हणजे सावकाश, गंभीरपणे ठोठावणार. तेव्हा निकिश बरोबर. ही गोष्ट सांगितली ती बेथोव्हनचा चिटणीस म्हणवणाऱ्या अंतोन शिंडलरने. बेथोव्हन बहिरा झाल्यावर लोक ज्या वह्यांत लिहून त्याच्याशी बोलत, त्या वह्यांत शिंडलरने बेथोव्हनच्या मृत्यूनंतर पदरच्या नोंदी घुसडल्या होत्या, हे १९७० च्या दशकात संशोधकांनी उघडकीस आणले. अशा साक्षीदाराच्या एका वाक्यावर पिढ्यान् पिढ्या एका संहितेचे वाचन उभे राहिले.

आख्यायिका खोटी ठरली म्हणून निकिशचे वाचन खोटे ठरते, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की त्या वाचनाच्या समर्थनार्थ आता कानांनी काही शोधावे लागेल. रुंद सुरुवातीमुळे ते चार स्वर पुढच्या पाचशे बारांपासून वेगळे पडतात, शीर्षकासारखे वर राहतात. पण संपूर्ण मूव्हमेंट त्याच चार स्वरांच्या विटांनी बांधलेली आहे. वीट आणि शीर्षक यांपैकी काय ऐकवायचे, असा हा खरा प्रश्न आहे. आम्ही वीट ऐकवणाऱ्याच्या, म्हणजे क्लायबरच्या बाजूचे आहोत; आणि याचे कारण आमच्या आवडीत नसून पुढच्या पाचशे बारांत आहे.

एक बसून आणि एक तुटलेला ट्रंपेट

याहून बारीक जागा पाहू. याच मूव्हमेंटमध्ये दुसरा विषय सुरू होण्यापूर्वी, ५९व्या बारात, हॉर्न एक ठसठशीत पुकारा करतात. उत्तरार्धात, ३०३व्या बारात, तोच पुकारा पुन्हा येतो. पण आता स्वरस्थान बदललेले असल्याने बेथोव्हनने तो बसूनकडे दिला. त्या काळच्या हॉर्नला कळा नव्हत्या, आणि नळी बदलून नव्या स्वरात येण्याइतका अवकाश तेथे नव्हता. कळांचे हॉर्न सर्रास झाल्यावर अनेक संचालकांनी हा पुकारा बसूनकडून काढून हॉर्नला दिला. त्यांचा युक्तिवाद असा : बेथोव्हनचा नाइलाज होता, तो आज असता तर त्याने हेच केले असते.

‘आज असता तर’ ही समीक्षेतील सर्वांत स्वस्त साक्ष आहे, कारण साक्षीदार उलटतपासणीला येऊ शकत नाही. ती बाजूला ठेवून संहिता पाहावी. ३०३व्या बारात जो सी मेजर उगवतो तो टिकणारा नाही. थोड्याच वेळात सी मायनर त्याला चिरडणार आहे. सी मेजरचा खरा विजय चौथ्या मूव्हमेंटमध्ये, पहिल्यांदाच प्रवेश करणाऱ्या ट्रॉम्बोनसह व्हायचा आहे. बसूनचा कोरडा, काहीसा अपुरा आवाज या पुकाऱ्याला संशयास्पद करतो. तेथे झळाळते हॉर्न लावले तर पुढचा विजय आधीच खर्च होतो. गार्डिनरच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या संचात बसून आपल्या जागी आहेत, आणि ती जागा त्यामुळे अर्थपूर्ण वाटते. बेथोव्हनचा नाइलाज असेलही. पण छंदाच्या नाइलाजाने कवीला सुचलेला शब्द पुष्कळदा कवितेचा सर्वांत चांगला शब्द असतो, हे साहित्याच्या वाचकाला वेगळे सांगावयास नको.

तिसऱ्या, ‘इरोइका’ सिंफनीतील जागा याहून प्रसिद्ध आहे. पहिल्या मूव्हमेंटच्या अखेरीस मुख्य विषय वाढत वाढत ट्रंपेटकडे येतो, आणि ऐन भरात ट्रंपेट सूर अर्धवट सोडून देतात. पुढचे वरचे स्वर त्या काळच्या ट्रंपेटसाठी जोखमीचे होते, हे कारण दिले जाते. हान्स फॉन ब्यूलोने एकोणिसाव्या शतकात ही ‘उणीव’ भरून काढली, आणि विसाव्या शतकातील बहुतेक थोर संचालकांनी ब्यूलोचीच दुरुस्ती वाजवली. लिहिल्याप्रमाणे वाजवले तर काय होते? विषय नाहीसा होत नाही. वुडविंड तो पुढे नेत राहतात. फक्त तो आता शोधावा लागतो. ब्यूलोच्या वाचनात नायक पुतळ्यासारखा उभा राहतो, आणि मूळ वाचनात तो समुदायात मिसळून जातो. दोहोंपैकी आपणांस कोणती ‘इरोइका’ हवी यावर वाद जरूर घालावा. परंतु कोणते ध्वनिमुद्रण ‘भव्य’ आहे एवढेच सांगणाऱ्याने हा वाद घातलेलाच नसतो.

आकड्यांचा दिलासा

आवडीच्या पळवाटेला कंटाळलेली मंडळी कित्येकदा आकड्यांच्या आश्रयाला जातात. पहिल्या आठ सिंफनींसाठी बेथोव्हनने मेट्रोनोमचे आकडे १८१७ मध्ये प्रसिद्ध केले, नवव्याचे पुढे दिले. पाचव्या सिंफनीची पहिली मूव्हमेंट मिनिटाला १०८ बार या वेगाने. नवव्या सिंफनीच्या तिसऱ्या मूव्हमेंटचा आरंभ मिनिटाला ६० ठोके. मग प्रश्नच मिटला, असे त्यांना वाटते. विरुद्ध पक्षाचे उत्तरही ठरलेले : बेथोव्हनचे यंत्रच बिघडलेले होते. ही आणखी एक आख्यायिका. गैरसोयीचा पुरावा दिसला की साक्षीदार वेडा ठरवण्याची जुनी युक्ती.

नवव्या सिंफनीची ती तिसरी मूव्हमेंट फुर्टवेंग्लरच्या १९४२ च्या ध्वनिमुद्रणात सुमारे वीस मिनिटे चालते. रॉजर नॉरिंग्टनच्या १९८७ च्या ध्वनिमुद्रणात ती अकरा मिनिटांत संपते. इतका फरक पडल्यावर ही एकाच संहितेची दोन वाचने म्हणावीत की नाहीत, अशी शंका यावी. नॉरिंग्टनचा पक्ष केवळ आकड्यांमुळे बळकट होत नाही. त्याच्या गतीत त्या लांबलचक सुरावटीचे वाक्य एका दमात ऐकू येते. फुर्टवेंग्लरकडे वाक्य नाहीसे होते आणि प्रत्येक शब्द स्वतंत्र ध्यानाचा विषय बनतो. परंतु त्याच पानावर, आकड्याच्या शेजारी, बेथोव्हननेच लिहिलेले शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ ‘अत्यंत संथ व गाण्यासारखे’ असा होतो. आकडा एकीकडे ओढतो, शब्द दुसरीकडे. संहिता स्वतःच दुभंगलेली असताना तिच्या अर्ध्या भागाकडे बोट दाखवून ‘हेच प्रामाणिक वाचन’ असे म्हणणे हा पोथीनिष्ठपणा झाला, आणि दुसऱ्या अर्ध्या भागात बुडून जाऊन आकडा विसरणे ही भाविकता.

येथे आणखी एका गैरसमजाची दखल घेतली पाहिजे. हे वेग जुन्या बनावटीच्या वाद्यांबरोबर १९८० च्या दशकात अवतरले, असे अनेकदा सांगण्यात येते. रेने लायबोविट्झने १९६१ मध्येच रॉयल फिलहार्मोनिककडून, म्हणजे सर्वस्वी आधुनिक वाद्यांवर, बेथोव्हनच्या आकड्यांच्या जवळ जाणारा नऊ सिंफनींचा संच ध्वनिमुद्रित केला. तो ‘रीडर्स डायजेस्ट’साठी होता. अशा दारातून आलेल्या संचाला प्रतिष्ठितांच्या याद्यांत जागा मिळायला फार काळ लागला.

यादीची सत्ता

याद्यांविषयी थोडेच सांगायचे आहे. ‘सर्वश्रेष्ठ’ ध्वनिमुद्रणाची कल्पना मुळात बाजाराची आहे. तीच सिंफनी पुन्हा विकायची तर आधीच्या विक्रीपेक्षा ही श्रेष्ठ, असे म्हणावेच लागते. कारायानने नऊ सिंफनींचे संपूर्ण संच चार वेळा केले : १९५० च्या दशकात लंडनच्या फिलहार्मोनिआसह, आणि त्यानंतर बर्लिन फिलहार्मोनिकसह १९६१-६२, १९७५-७७ व पुन्हा १९८० च्या दशकात. तेव्हा ‘मी कारायान ऐकतो’ हे विधान पुरते होण्यासाठी कोणता कारायान हे सांगणे प्राप्त आहे.

फुर्टवेंग्लरची २९ जुलै १९५१ ची बायरॉइटची नववी सिंफनी कित्येक दशके ‘अंतिम शब्द’ म्हणून पूजली गेली. २००७ च्या सुमारास बव्हेरियन नभोवाणीच्या संग्रहातील फीत प्रसिद्ध झाली, आणि ती १९५५ पासून विकल्या गेलेल्या मुद्रणाशी सर्वत्र जुळत नाही असे आढळले. कोणती फीत त्या रात्रीची आणि किती भाग सरावाचा, यावर वाद झाले. ज्याला अंतिम शब्द म्हणायचे त्याची संहिताच अशी वादग्रस्त. पाठचिकित्सेशी परिचित वाचकांना याचे नवल वाटणार नाही.

आपल्याकडे यादीची सत्ता अधिक चालते, त्याला कारण आहे. ज्या गावात सिंफनी प्रत्यक्ष ऐकायला मिळत नाही तेथे हाती आलेली एक तबकडी म्हणजेच सिंफनी होऊन बसते. मुंबईत एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला तो २००६ मध्ये. त्यापूर्वीच्या पिढ्यांचे श्रवण बरेचसे तबकड्यांवर पोसलेले आहे. म्हणूनच दुसरी तबकडी ऐकण्याचे महत्त्व येथे अधिक : एक वाचन म्हणजे संहिता नव्हे, हे दुसरे वाचन समोर आल्याशिवाय लक्षातच येत नाही.

१९४२ चे नगारे

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहिण्याची आम्हांला निकड वाटली त्याकडे येऊ. मार्च १९४२ मध्ये बर्लिनमध्ये फुर्टवेंग्लरने नववी सिंफनी सादर केली आणि तिचे ध्वनिमुद्रण टिकून राहिले. पहिल्या मूव्हमेंटच्या ३०१व्या बारात प्रारंभीचा विषय परततो. कुजबुजत नव्हे, तर सर्व वाद्यवृंदाच्या पूर्ण जोरानिशी, आणि टिंपनीचा अखंड गडगडाट सुरू होतो. या ध्वनिमुद्रणात तो गडगडाट असा आहे की संगीत कोसळते आहे असे वाटावे. याविषयी एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते की ती आता वस्तुस्थिती म्हणून चालते : या नगाऱ्यांतून संचालकाचा राजवटीविरुद्धचा संताप, त्याचा निषेध ऐकू येतो.

आमचा या गोष्टीला स्पष्ट विरोध आहे. पहिले कारण संहितेतले. तो गडगडाट बेथोव्हनने लिहिलेला आहे, पूर्ण जोराची खूण त्याची आहे. दुसरे कारण तुलनेतले. फुर्टवेंग्लरने १९३७ मध्ये लंडनमध्ये आणि १९५१ मध्ये बायरॉइटला वाजवलेली नववी सिंफनीही उपलब्ध आहे. ही जागा प्रलयासारखी वाचण्याची त्याची पद्धत १९४२ मध्ये जन्मलेली नाही. त्या वर्षी तिची तीव्रता विलक्षण आहे एवढे म्हणता येते. तिसरे कारण अधिक अवघड आहे. १९ एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला, त्याच संचालकाने हीच सिंफनी राजवटीच्या धुरीणांसमोर वाजवली. गोबेल्स व्यासपीठापाशी येऊन त्याच्याशी हस्तांदोलन करतो, ते दृश्य चित्रफितीत आहे. तेथील श्रोत्यांना त्या संगीतात निषेध ऐकू आला नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जो निषेध ज्याच्याविरुद्ध आहे त्याला ऐकूच येत नाही आणि सत्तर-ऐंशी वर्षांनंतर आरामखुर्चीत बसलेल्याला मात्र स्पष्ट ऐकू येतो, त्याला ध्वनीतला पुरावा कसे म्हणावे?

उलट बाजूही तपासावी. तोस्कानिनीचे चारित्र्य या बाबतीत निष्कलंक आहे. फॅसिस्टांचे गीत वाजवण्यास नकार दिल्याबद्दल १९३१ मध्ये बोलोन्यात त्याला मारहाण झाली. १९३३ मध्ये त्याने बायरॉइटकडे पाठ फिरवली. १९३६ मध्ये युरोपातून पळालेल्या ज्यू वादकांच्या नव्या वाद्यवृंदासाठी तो पॅलेस्टाइनला गेला. आणि याच तोस्कानिनीच्या एनबीसी वाद्यवृंदाच्या बेथोव्हनमध्ये कडक शिस्त आहे, एकही वादक रेषेबाहेर पाऊल टाकीत नाही. ध्वनीवरून राजकारण ओळखायचे ठरले तर हुकूमशहा कोणाला ठरवाल? अडोर्नोसारख्या फॅसिझमविरोधी विचारवंताने तोस्कानिनीच्या या प्रभुत्वावरच टीका केली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मग फुर्टवेंग्लरच्या वर्तनाचा आणि या ध्वनिमुद्रणाचा संबंधच नाही काय? आहे, परंतु तो वेगळ्या ठिकाणी आहे. १९३४ मध्ये त्याने हिंडेमिटच्या बाजूने उभे राहून पदांचा राजीनामा दिला, कित्येक ज्यू वादकांना साहाय्य केले. तरीही तो जर्मनीत राहिला आणि वाजवत राहिला. डिसेंबर १९४६ मध्ये त्याची सुनावणी होऊन पुढच्या वर्षी तो बर्लिनच्या व्यासपीठावर परतला. त्या राहण्याचा आणि वाजवण्याचा न्याय करायचा तर तो कृतींचा करावा. तारखा, स्थळे, समोर बसलेली माणसे यांच्या आधारे करावा. ३०१व्या बारातील टिंपनीला त्या खटल्यात साक्षीला बोलावू नये. ती साक्ष मागणाऱ्यांची खरी अडचण आम्हांला समजते : विश्वबंधुत्वाचे आवाहन करणारे हे संगीत, ज्यांनी ते बंधुत्व पायदळी तुडवले त्यांच्यासमोर इतके थोर कसे वाजले, ही गोष्ट सहन होत नाही. आख्यायिका ती सहन करण्याजोगी करते. ती श्रोत्याची सोय पाहते.

आम्हांला हे ध्वनिमुद्रण थोर वाटते. ते भयंकर परिस्थितीत, भयंकर श्रोत्यांच्या काळात झाले, हेही आम्ही मानतो. या दोन विधानांपैकी कोणतेही दुसऱ्याला सौम्य करीत नाही. लिओनार्ड बर्नस्टाइनने २५ डिसेंबर १९८९ रोजी, भिंत पडल्यानंतरच्या पूर्व बर्लिनमध्ये, याच सिंफनीच्या गीतातील ‘आनंद’ हा शब्द बदलून ‘स्वातंत्र्य’ हा शब्द गाऊन घेतला. ती ढवळाढवळ कोणास रुचो वा न रुचो. ती उघड होती. संहितेत बदल केला, तो जाहीर केला आणि त्याची जबाबदारी घेतली. नगाऱ्यांत गुपचूप निषेध शोधण्यापेक्षा तिच्याशी वाद घालणे कितीतरी सोपे आणि प्रामाणिक आहे.

वर्गात काय करावे?

या सर्वांचा आपल्या अध्यापनाशी संबंध असा की या तिन्ही पळवाटा आपल्या वर्गांतही आहेत. कोणती कादंबरी थोर हे अभ्यासक्रमाच्या यादीवरून ठरते. कविता का आवडली असे विचारले की ‘मनाला भिडली’ असे उत्तर येते आणि तेथे थांबण्याची सवलत असते. आणि कवीचे दारिद्र्य, त्याचा तुरुंगवास, त्याचे प्रेमभंग यांची हकिकत सांगून झाली की ओळींकडे पाहण्याची गरज उरत नाही. दुःख सोसले होते म्हणून कविता खरी, असे परस्पर सिद्ध होते. चरित्रातून कवितेला प्रमाणपत्र देणारा अध्यापक आणि टिंपनीतून फुर्टवेंग्लरला निर्दोष ठरवणारा श्रोता हे एकाच शाळेत शिकलेले आहेत.

म्हणून आमची सूचना अगदी व्यावहारिक आहे. पाचव्या सिंफनीची पहिली मूव्हमेंट सात-आठ मिनिटांची आहे. तिची दोन ध्वनिमुद्रणे, एक फुर्टवेंग्लरचे आणि एक गार्डिनरचे, एका तासिकेत सहज ऐकवता येतात. आज ती मिळवणेही कठीण राहिलेले नाही. संचालकांची नावे आणि सने आधी सांगू नयेत. विद्यार्थ्यांनी ‘आवडले’ हा शब्द न वापरता तीन जागा लिहाव्यात, जेथे दोन्हींत फरक पडला, आणि त्या फरकाने पुढच्या संगीताचे काय झाले. स्वरलिपी वाचता येत नाही ही सबब चालणार नाही. बसून आणि हॉर्न यांतला फरक कानाला कळण्यासाठी ती यावी लागत नाही. त्यानंतर नावे सांगावीत, हवी तर आख्यायिकाही सांगाव्यात, आणि लिहिलेल्यापैकी काय टिकते ते पाहावे. ज्या विद्यार्थ्याला एका तासिकेत हे जमले त्याला पुढच्या तासिकेत एकाच कवितेची दोन वाचने समोर ठेवता येतील, आणि ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणणाऱ्याला तो विचारू शकेल : कबूल, पण कोणत्या ओळीत?